धामणीचा एक्स-रे

इस्पितळात तिला सगळे एक्स-रेबाई म्हणत आणि घरी ती धाकटी. घरात माणसं दोनच, ती आणि तिची थोरली बहीण. दोघींचीही लग्नं झाली नव्हती आणि का झाली नाहीत हे विचारायचं आता लोकांनीही सोडून दिलं होतं. थोरली शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिचा दरारा असा, की चाळिशी उलटलेले विद्यार्थी रस्त्यात भेटले तरी हातातली सिगरेट पाठीमागे लपवत. पण भिंतीवर पाल दिसली की हीच थोरली पलंगावर चढून ‘धाकटे, अगं धाकटे!’ असा धावा करायची, आणि धाकटी झाडू घेऊन येईपर्यंत खाली पाय ठेवायची नाही.

धाकटीला पालींची भीती नव्हती, तशी आवडही नव्हती. आवडी-निवडी करायला तिला वेळच नव्हता. सव्वीस वर्षं ती एका बिनखिडकीच्या खोलीत उभी होती. “श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका. सोडा.” दिवसाला पन्नास-साठ माणसं, तेवढेच खांदे, गुडघे, छात्या. चेहरे तिच्या लक्षात राहत नसत, हाडं राहत. बाजारात कुणी हसून ओळख दाखवली की ती आधी त्याच्या चालण्याकडे बघे आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडे: अच्छा, हा डावा खुबा!

त्या वर्षी थंडी ओसरता ओसरता इस्पितळानं नवीन यंत्र घेतलं. ते बसवायला तीन आठवडे लागणार होते. तिची खोली कारागिरांच्या ताब्यात गेली, जुनं यंत्र डार्करूमशेजारच्या अडगळीच्या खोलीत सरकवलं गेलं, आणि त्यावर फक्त अगदी निकडीचे पेशंट घ्यायचे असं ठरलं. म्हणजे दिवसाला चार, फार तर पाच. बाकी वेळ काय करायचं? पहिल्या दिवशी तिनं कपाट आवरलं. दुसऱ्या दिवशी तेच कपाट पुन्हा आवरलं. तिसऱ्या दिवशी खुर्ची उचलली आणि मागच्या दारानं बाहेर जाऊन उन्हात बसली.

मागं एक दुर्लक्षित आवार होतं. इस्पितळाचं जुनं धुलाईघर पाडून त्याचे दगड तिथंच ढीग करून टाकले होते. एक पडकी भिंत, एक गळका नळ, त्याच्या ओलीवर माजलेलं गुडघाभर गवत. सव्वीस वर्षं हे सगळं तिच्या पाठीमागे दहा पावलांवर होतं, आणि ती तिथं कधी कचरा टाकायलासुद्धा आली नव्हती.

भिंतीवर एक सरडा बसला होता. काडीसारखा रुक्ष, मातकट. ती त्याच्याकडे बघत होती आणि तो तिच्याकडे. मग पलीकडच्या दगडावर दुसरा सरडा आला, आणि या पहिल्याच्या अंगात एकदम वारं शिरलं. पुढच्या पायांवर तो जोर काढायला लागला, वर-खाली, वर-खाली, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याचा गळा लालभडक होत गेला. आधी गुलाबी, मग शेंदरी, मग असा लाल, की वाटावं आतून कुणीतरी दिवा लावलाय. धाकटीनं फोन काढला आणि फोटो घेतला. घरी येऊन बघते तर फोटोत भिंत होती, उन्हाचा एक पट्टा होता आणि सरड्याच्या जागी एक ठिपका.

तिला राग आला. सव्वीस वर्षं फोटो काढणाऱ्या बाईचा फोटो बिघडतो म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी तिनं फिल्म तपासायचं भिंग ड्रॉवरमधून काढलं. केसाएवढी चीर शोधायला वापरतात ते. जखमेला लावायच्या चिकटपट्टीनं तिनं ते फोनच्या डोळ्यावर बसवलं आणि नळाकडे गेली. नळाच्या तोटीवर मसुराच्या दाण्याएवढा एक कोळी होता. जाळं नाही, काही नाही, नुसता उड्या मारत हिंडणारा. भिंगातून बघितलं तर त्याला पुढं दोन मोठे डोळे, मोटारीच्या दिव्यांसारखे, आणि बाजूला आणखी लहान लहान. तिनं फोन जवळ नेला तसा तो गर्रकन वळला, मान वर केल्यासारखं करून थेट भिंगात बघू लागला आणि पुढचे दोन पाय त्यानं हवेत उचलले. तिनं श्वास रोखला. फोटो असा आला, की डोळ्यांवरची पापण्यांसारखी लवसुद्धा मोजून घ्यावी.

त्या दिवसापासून तिला नाद लागला. रोज सकाळचे पेशंट उरकले की बाई आवारात. पाठीवर तेल चोपडल्यासारखी चमकणारी सापसुरळी, जाळ्याच्या मध्यावर पाय जोडीजोडीनं पसरून बसलेली कोळीण, दगडाच्या फटीत अंडी चिकटवणारी पाल. दगडी ढिगाशेजारी काम करणारे माळीदादा खुरपं थांबवून हे सगळं बघत असायचे.

“बाई, पालीचं लग्न जमवताय काय? रोज फोटो काढून कुणाकडे पाठवताय?”

“पाल नाही, सरडा आहे तो.”

“मग तर स्थळ आणखीनच तालेवार.”

घरी थोरलीनं पहिल्या दिवशी फोनकडे बघायलाच नकार दिला. “जेवताना तर अजिबात दाखवू नकोस. आणि जेवण झाल्यावरही नको.” पण तीन-चार दिवसांनी धाकटी भांडी घासत असताना तिनं तिरक्या नजरेनं बघितलं, थोरली चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांशी नेऊन बसली होती. “या कोळिणीच्या जाळ्यातलं प्रत्येक अंतर सारखं आहे गं,” ती स्वतःशीच म्हणाली. “पट्टी नाही, कंपास नाही. मुलींना शिकवताना माझ्या नाकीनऊ यायचे.”

साप दिसला तो नवव्या दिवशी. धाकटी सापसुरळीच्या मागे वाकून चालली होती, आणि समोरचं गवत वारा नसताना हललं. हलतच राहिलं. एक लांबच्या लांब, पिवळसर तपकिरी अंग गवतातून सरकत होतं आणि संपायचं नावच घेत नव्हतं. तिची पाचावर धारण बसली. बोटानं आपोआप बटण दाबलं खरं, पण फोटोत आली ती फक्त शेपूट.

संध्याकाळी तिनं थोरलीला सांगितलं. थोरलीनं आधी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले आणि मग विचार केला. “माझी एक विद्यार्थिनी आहे. गणितात काठावर पास. जनावरांची डॉक्टर झालीये, सापही सोडवते म्हणे लोकांच्या घरांतून. लाव फोन तिला.”

पलीकडून आवाज आला, “बाई? तुम्ही? माझं काही चुकलं का?”

“तूर्त काही नाही. माझ्या बहिणीचं ऐकून घे.”

डॉक्टरीण तिशीतली, मोकळ्या आवाजाची होती. तिनं सगळं ऐकलं आणि सांगितलं, “ताई, शेपटीवरून मी काही सांगणार नाही आणि तुम्हीही अंदाज बांधायचे नाहीत. दहा पावलं लांब राहायचं. दगडांत हात घालायचा नाही. पायात बंद बूट. पूर्ण अंगाचा फोटो मिळाला तर मला पाठवा.”

पूर्ण अंगाचा फोटो तिसऱ्या दिवशी मिळाला. अकराच्या सुमाराला साप दगडांच्या ढिगावर येऊन ऊन खात पडला होता, सहा फूट तरी लांब, डोळे मोठे आणि गोल, ओठांवर शाईनं आखल्यासारख्या काळ्या रेघा. उत्तर लगेच आलं: धामण. विष नाही. उंदरांवर जगते. ‘आणि ओळख पटली म्हणून लाड करायला जायचं नाही,’ असंही खाली लिहिलं होतं.

माळीदादांनी तो साप बघितला तेव्हा फावडंच उचललं होतं. धाकटी त्यांच्या आणि ढिगाच्या मध्ये उभी राहिली. भांडली नाही, नुसता फोन पुढे केला. भिंगातून घेतलेले नव्हते ते फोटो, लांबूनच घेतलेले, पण स्वच्छ. माळीदादा बराच वेळ बघत राहिले. “चेहरा गरीब आहे,” शेवटी ते म्हणाले आणि फावडं खाली आलं. पुढं पुढं तर तेच मागच्या दारावर टकटक करून सांगायला लागले, “बाई, तुमची पाहुणी आली.”

तिसऱ्या आठवड्यात कार्यालयातून हुकूम आला. नवीन यंत्राच्या उद्घाटनाला मोठी माणसं येणार, मागचं आवार साफ झालं पाहिजे. माळीदादांनी गवत कापायचं यंत्र बाहेर काढलं. त्यांनी आधी पाय आपटले, काठीनं गवत झोडपलं, हाकारे घातले. त्यांच्या मते सगळं रान मोकळं झालं होतं. पण झालेलं नव्हतं.

ते एक्स-रेच्या दारात आले तेव्हा त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. “बाई,” ते म्हणाले, “माझ्या हातून घात झाला.”

धामण भिंतीच्या कडेला पडली होती. अंगाच्या मागच्या तिसऱ्या भागात कातडी फाटली होती आणि तिथून खालचं शरीर ती ओढल्यासारखं करत होती. धाकटीनं फोन लावला. डॉक्टरीण वीस मिनिटांत मोटारसायकलवर आली. तिनं जाड कापडाखाली धामणीला धरलं, हलक्या हातानं एका पारदर्शक नळीत घेतलं, जखम धुतली, आणि मग डोळे मिटून बोटांनी पोट चाचपत राहिली.

“बरगड्या मोडल्यात बहुतेक. कणा मोडलाय का, ते कळत नाही. आणि हे इथं गोळे लागतायत. सूज असेल, आत काही फुटलं असेल, नाहीतर...” ती थांबली. “एक्स-रे पाहिजे. जनावरांचं यंत्र चार तासांवरच्या शहरात आहे. एवढा प्रवास तिला झेपणार नाही.”

दोघांनीही धाकटीकडे बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही, आणि ते तिला नीट कळलं.

सव्वीस वर्षांत तिनं चिठ्ठीशिवाय एक बोटही यंत्राखाली घेतलं नव्हतं. शेजारीण आली होती, चुलतभाऊ आला होता, एकदा तर थोरली स्वतः मनगट धरून आली होती. तिलाही रांगेत बसवून चिठ्ठी आणायला लावली होती. ती उठली आणि विभागाच्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. हे डॉक्टर सगळ्या गोष्टींना ‘हं’ एवढंच उत्तर देत, म्हणून माघारी त्यांचं नाव हं-डॉक्टर पडलं होतं. त्यांचे हं चार प्रकारचे होते. होकाराचा, नकाराचा, ‘नंतर बघू’चा आणि झोप आल्याचा.

तिनं सगळं सांगितलं.

“हं,” डॉक्टर म्हणाले. हा हं तिनं आधी कधी ऐकला नव्हता. “जुन्या यंत्राच्या फिल्म किती उरल्यात?”

“तीन.”

“त्या परवा टाकून द्यायच्याच आहेत ना?”

“हो.”

“मग टाकून देताना त्यांच्यावर काय उमटलंय ते कोण बघतो?” असं म्हणून ते उठले आणि चपला घालून तिच्या आधी अडगळीच्या खोलीत पोचले.

नळीतली धामण पत्र्याच्या टेबलावर ठेवली गेली. धाकटीनं शिशाचा जड झगा डॉक्टरीणबाईला घातला, दुसरा स्वतः घातला, आणि यंत्राचा जोर तान्ह्या बाळाच्या हाताला देतात तेवढा कमी केला. आता पुढचं वाक्य तोंडात आलं आणि तिथंच थबकलं. श्वास धरून ठेव असं सापाला सांगणार कोण?

पहिली फिल्म वाया गेली. बटण दाबायला आणि धामणीनं अंग आवळायला एकच गाठ पडली.

“दोन राहिल्या,” हं-डॉक्टर दारातून म्हणाले. इतके शब्द त्यांनी एका दिवसात बोललेले कुणी ऐकले नव्हते.

धाकटीनं घाई केली नाही. खाली वाकून ती नळीकडे बघत राहिली. धामणीची कूस फुगत होती, बसत होती. फुगत होती, बसत होती. आणि बसल्यानंतर पुन्हा फुगायच्या आधी एक विसावा होता. माणसाच्या श्वासात नसतो एवढा लांब, एक, दोन, तीन, चार मोजावेत इतका. दहा वेळा तिनं तो विसावा मोजला. अकराव्या वेळी बटण दाबलं. मग नळी सरकवून शेपटीकडच्या भागासाठी पुन्हा तसंच केलं.

डार्करूममध्ये लाल दिव्याखाली ती आणि डॉक्टरीण दोघीच होत्या. फिल्म औषधाच्या पाण्यात बुडवून धाकटी ती हलवत राहिली. आधी काहीच नाही. मग मधोमध एक फिकट रेघ, कण्याची. सलग होती. डॉक्टरीणबाईनं सोडलेला सुस्कारा अंधारात मोठा ऐकू आला. मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी बरगड्या उमटायला लागल्या, शेकडो, कंगव्याच्या दात्यांसारख्या बारीक. डावीकडच्या चार मोडलेल्या. आणि बरगड्यांच्या आडून हळूहळू दुसरंच काहीतरी वर आलं. एक लांबट गोल. त्याच्याशेजारी दुसरा. मग तिसरा.

“ताई,” डॉक्टरीण कुजबुजली, “हिला पिल्लं व्हायचीत.”

पाण्यातून काढून दोघींनी मोजली. अकरा अंडी.

हं-डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून रीतसर निदान लिहिलं. ‘पेशंट: धामण, स्त्री. वय: सांगण्यास नकार. कणा शाबूत. डाव्या चार बरगड्या मोडलेल्या. गर्भवती, अकरा. विश्रांती द्यावी.’ खाली सही केली आणि कागद धाकटीच्या हातात देताना ते चक्क हसले.

वनखात्याला कळवून डॉक्टरीणबाईनं धामणीला आपल्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत ठेवलं. मोठी काचेची पेटी, तळाला ओलसर भुसा, लपायला अर्धं मडकं. धाकटी रोज संध्याकाळी कामावरून तिकडे जायची आणि मग घरी. दारातच थोरलीचा प्रश्न तयार असे. “कशी आहे ती?” ‘साप’ हा शब्द थोरलीनं तोंडातून काढला नाही, पण एक दिवस विचारायची राहिली असंही झालं नाही.

माळीदादा दिवसाआड दवाखान्यात जाऊन दारातूनच बघून येत. आत या म्हटलं तर, “नको, माझा वास ओळखेल ती,” म्हणत.

बाराव्या दिवशी उजाडताच फोन वाजला. धामणीनं रात्रीतून अंडी घातली होती. “दहा आहेत, ताई,” डॉक्टरीण म्हणाली. “मी तीनदा मोजली. आणि ती अजून अस्वस्थ आहे. पण पोट चाचपून मला काही लागत नाही. मोडलेल्या बरगड्यांपाशी अजून सूज आहे. आपली मोजणी चुकली असेल का? दोन अंडी एकमेकांवर आली असतील आणि सावली तिसऱ्यासारखी दिसली असेल, असं होतं का?”

धाकटी गडबडली. होतं असं, कधी कधी. फिल्मची छायाप्रत तिनं घरी ठेवली होती. ती काढायला ती वळली, तर थोरलीनं आधीच ती पाकिटातून काढून खिडकीच्या काचेवर धरली होती. सापाचं चित्र, तेही आतून दिसणारं, थोरली काचेला नाक लावून बघत होती. पेन्सिलीनं तिनं एकेका अंड्याची कड गिरवली. कुठली कड कुठल्या कडेखाली जाते, कुठली रेघ कुठं संपते, सगळं. घड्याळाचा काटा पाच मिनिटं सरकला.

“दे फोन,” ती म्हणाली. “ऐक गं. सातवं आणि आठवं एकमेकांवर आलंय हे खरं. पण दोघांच्याही दोन्ही कडा पुऱ्या दिसतात. नववं बरगड्यांच्या आड आहे, तरी त्याची वरची कड वेगळी आहे. अकरा म्हणजे अकराच. एक आत आहे. शोध.”

“हो बाई,” असं म्हणून डॉक्टरीणबाईनं फोन ठेवला.

दोघी बहिणी रिक्षा करून दवाखान्यात पोचल्या. थोरली बाहेरच्या बाकावर बसली. बाकाचा दांडा तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आत डॉक्टरीणबाईनं धामणीला कोमट पाण्यात ठेवलं, मग बाहेर काढून थेंब थेंब तेल लावत, अगदी सावकाश, सुजेच्या वरून बोटं फिरवत राहिली. कुठं जोर नाही, कुठं घाई नाही. थकली की थांबायची, पाणी बदलायची, पुन्हा सुरू करायची. असं दुपारपर्यंत चाललं. इस्पितळात त्या दिवशी नवीन यंत्रावर बाईंच्या जागी दुसरं कुणीतरी उभं होतं आणि रांग रस्त्यापर्यंत गेली होती, हे धाकटीला दुसऱ्या दिवशी कळलं.

अडीच वाजता अकरावं अंडं बाहेर आलं. पिवळं पडलेलं, एका बाजूनं चेपलेलं. त्यात जीव नव्हता.

“हे आत राहिलं असतं तर ती आठवड्याच्या आत गेली असती,” डॉक्टरीण हात धुताना म्हणाली. “आणि मला कळलंही नसतं कशानं गेली. मी दहावर समाधान मानलं असतं.”

बाहेर येऊन तिनं थोरलीला सांगितलं तशी थोरलीनं पदरानं चष्मा पुसायला घेतला आणि पुसून झाल्यावरही पुसतच राहिली. “काठावर पास केलं होतं मी तुला,” ती म्हणाली. “जरा जास्त द्यायला हवे होते.”

महिन्याभरानं धामण बरी झाली. मोडलेल्या जागी अंग थोडं वाकडं राहिलं, पण चाल मोकळी झाली. तिला परत तिच्याच जागेत सोडायचं ठरलं. आता तिथं पुन्हा यंत्र फिरणार नाही याची हमी काय? ते काम माळीदादांनी कुणाला न सांगता करून टाकलं होतं. कार्यालयात जाऊन त्यांनी गंभीर चेहऱ्यानं कळवलं होतं, की त्या कोपऱ्यात गवताखाली दगड आहेत, यंत्राचं पातं तुटेल, सबब तो भाग तसाच सोडावा लागेल. पात्याची काळजी सगळ्यांनाच असल्यानं कुणी पुढं विचारलं नाही.

नळीचं तोंड दगडांकडे करून डॉक्टरीणबाईनं झाकण काढलं. धामणीनं जीभ बाहेर काढून हवा चाखली, बराच वेळ चाखली, आणि मग गवताची पाती एकेक वाकवत, कुणाकडेही न बघता निघून गेली.

अंडी दवाखान्यातच होती, झाकण घातलेल्या डब्यात, ओलसर भुशात. ऊन तापायला लागलं, झाडांना नवी पानं येऊन जुनीही झाली. धाकटीनं त्या दिवसांत डब्याचा रोज एक फोटो काढला. बदल काहीच दिसत नव्हता. एक अंडं खराब झालं, मग आणखी एक. आठ उरली. मग एका सकाळी डॉक्टरीणबाईचा एका शब्दाचा निरोप आला: ‘निघा.’

माळीदादा सायकलवरून आले होते आणि त्या दिवशी ते दारात थांबले नाहीत. डब्याभोवती चौघं वाकून उभी. एका अंड्यावर वस्तऱ्यानं काढावी अशी बारीक चीर पडली होती. चिरेतून एक बोटाच्या पेराएवढं डोकं बाहेर आलं. मोठे गोल डोळे, आईसारख्याच ओठांवरच्या रेघा. पिल्लानं चौघांकडे बघितलं, जीभ एकदा बाहेर काढली आणि पुन्हा अंड्यात जाऊन बसलं.

“काय झालं? आत का गेलं?” थोरली घाबरून विचारायला लागली.

“काही नाही, बाई. पहिल्यांदा असंच करतात. कधी कधी दिवसभर नुसतं डोकं बाहेर काढून बघत बसतात.”

“मग बसू दे की. कुणी हाकललंय त्याला!” असं म्हणून थोरलीनं स्टूल ओढलं आणि डब्याशेजारी ठाण मांडलं.

धाकटीनं चिकटपट्टी लावलेला फोन खाली नेला. चिरेच्या आत, ओलसर अंधारात, तो डोळा चमकत होता. दुसऱ्या अंड्यावर चीर पडली, मग पलीकडच्या. संध्याकाळपर्यंत आठपैकी सहा डोकी बाहेर होती आणि उरलेली दोन दुसऱ्या दिवशी आली. आठवडाभरानं पिल्लांची पहिली कात निघाल्यावर माळीदादांनी ती एकेक करून जवळच्या एका ओढ्याच्या काठाला, दगडांत आणि दाट गवतात सोडली. प्रत्येकाला ते काहीतरी सांगत होते, पण काय ते लांबून ऐकू आलं नाही.

जुनं यंत्र भंगारात गेलं नाही. हं-डॉक्टरांनी एका कागदावर सही केली आणि ते जनावरांच्या दवाखान्याला मिळालं. मात्र ते चालवणारं माणूस त्यांच्याकडे नव्हतं. रविवारी सुट्टी असते ना, असं डॉक्टरीणबाईनं चाचरत विचारलं. धाकटीनं हो म्हणायला एक क्षणही घेतला नाही.

पहिल्या रविवारी साडेनऊला दवाखान्यासमोर एक टेम्पो थांबला. मागं ताडपत्रीखाली एक घोरपड होती, मोटारीचा धक्का लागून पुढचा पाय सुजलेली, रागानं फुत्कारत असलेली. धाकटीनं शिशाचा झगा चढवला, टेबल पुसून घेतलं आणि ती म्हणाली, “आणा आत. आधी जरा शांत होऊ दे तिला. घाई नाही आपल्याला.”